टिकलीकडे बघणारी मुलगी

(दृश्य : पहाट. सातारा एसटी स्टँड. स्वारगेटची गाडी फलाटाला लागलेली.)

माझी लेक २२ वर्षांची आहे, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. आज आम्ही तिसऱ्यांदा पुण्याला निघालोय. तिला ऑटिझम आहे का, म्हणजे माणसांत मिसळणं, बोलणं, आवाज-उजेड सोसणं तिला लहानपणापासूनच जड जातंय का, हे तपासून घ्यायला.

खिडकीची जागा तिची. माझ्या पिशवीत लसीकरणाचं कार्ड, बालवाडीपासूनची प्रगतिपुस्तकं आणि एक पेनड्राइव्ह. मोठ्या माणसाची तपासणी करतानाही खुणा लहानपणापासून होत्या का, हे बघावंच लागतं. ऑटिझम विसाव्या वर्षी सुरू होत नाही. आणि लहानपणीचं सांगणार कोण? आईच.

(दृश्य : प्रगतिपुस्तकाचं पान, शेऱ्याची ओळ.)

दुसरीचा शेरा, ‘शांत व शिस्तप्रिय’. चौथीचा, ‘वर्गात बोलत नाही, अभ्यासात उत्तम’. हे मी कौतुकानं दाखवत फिरले होते. हळदीकुंकवाला बायका जमल्या की ही कोपऱ्यात बसून लुटायच्या वाट्या रंगांप्रमाणे लावत बसायची. आमटी भाताला लागली तर ताट बाजूला. कुकरची शिट्टी व्हायच्या आधीच कानांवर हात. नातेवाईक म्हणायचे, घुमी आहे, माणूसघाणी आहे. मी म्हणायचे, शहाणी आहे माझी पोर. मुलगा असा गप्प बसला असता, तर मीच त्याला डॉक्टरकडे नेलं असतं. मुलीचं गप्प बसणं मला गुण वाटला.

(दृश्य : खंबाटकीचा बोगदा. गाडीतला अंधार, वाढत जाणारा आवाज.)

बिघडलं ते कॉलेजात. गटानं करायची प्रॅक्टिकल, रोज बदलणारं वेळापत्रक, कँटीनचा गलका. घरी आली की दार लावून अंधारात पडून राहायची. दोन-दोन दिवस तोंडातून शब्द नाही. पहिल्या डॉक्टरांनी चिंतेचा आजार म्हणून गोळ्या दिल्या. झोप लागली, बाकी सगळं होतं तिथंच राहिलं. एका केंद्रात सांगितलं, आम्ही अठरापर्यंतचीच मुलं बघतो. आणखी एकांनी पाच मिनिटांत निकाल दिला : एवढे मार्क आहेत, डोळ्याला डोळा देऊन बोलते, कसला ऑटिझम?

बाहेर आल्यावर ती म्हणाली, “आई, मी डोळ्यांत नाही बघत. बायकांच्या टिकलीकडे बघते. पुरुषांच्याही तिथंच.”

मी तिथल्याच बाकावर बसले.

(दृश्य : पुण्यातलं क्लिनिक. रिकाम्या खुर्च्या.)

मराठीत ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात. हा शब्द मी आधी वाचला होता आणि सोडून दिला होता, कारण माझी लेक स्वतःत मग्न नव्हतीच. ती दिवसभर दुसऱ्यांना न्याहाळत होती. कोण केव्हा हसतं, किती हसतं. फोन करायच्या आधी वाक्यं वहीत लिहून घेत होती.

इथल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बाईंनी सांगितलं, आपलं वेगळेपण झाकून इतरांसारखं वागायचं, याला मास्किंग म्हणतात, आणि मुलींमध्ये ते जास्त दिसतं. १९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी ऑटिझमवर पहिला मोठा लेख लिहिला, त्यातल्या ११ मुलांमध्ये ८ मुलगे होते, ३ मुली. पुढंही अभ्यास झाला तो बराचसा मुलग्यांवरच. २०१३ साली निदानाचे निकष बदलले, तेव्हा त्यात स्पष्ट आलं की लक्षणं पुढं शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली झाकली जाऊ शकतात. आवाज, उजेड, स्पर्श यांचा त्रासही तेव्हापासून निकषांत धरला जातो.

पहिल्या दिवशी बाईंनी आधी तिला विचारलं, “ट्यूबलाइट बंद करू का?” ती ‘हो’ म्हणाली. घरात दिवा लावला की ती का उठून जाते, हे मी कधी विचारलंच नव्हतं. वर ओरडले होते.

निदान वेगळं आणि सरकारी प्रमाणपत्र वेगळं, हेही इथंच कळलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. प्रमाणपत्रासाठी ‘इसा’ नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात. ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, आणि बेरीज ७० च्या खाली आली तर ऑटिझम धरत नाहीत. इतकी वर्षं सगळं लपवायला शिकलेल्या मुलीचे गुण त्यात किती भरतील, याची मला काळजी आहे. पण ते पुढचं. आधी तिला स्वतःबद्दल खरं काय ते कळू दे.

(दृश्य : वहीची पानं. निळ्या शाईतलं बारीक अक्षर.)

मागच्या भेटीत बाईंनी सांगितलं होतं, बोलायला जड जात असेल तर लिहून आण. तिनं सात पानं लिहिली. काल रात्री मला वाचायला दिली.

चुलत बहिणीच्या हळदीला ती नाचली होती. तो व्हिडिओ मी मनात पुरावा म्हणून जपला होता, बघा, माझी मुलगी चारचौघींसारखीच आहे. चौथ्या पानावर तिनं लिहिलंय : पंधरा दिवस दार लावून स्टेप्स पाठ केल्या. आईला बरं वाटावं म्हणून. दुसऱ्या दिवशी उठताच आलं नाही.

त्या दुसऱ्या दिवशी मी तिला आळशी म्हणाले होते. मला आठवतंय.

(दृश्य : क्लिनिकमधला लॅपटॉप. हळदीचा मांडव, बँजोचा आवाज.)

पेनड्राइव्हमध्ये तोच व्हिडिओ आहे. बाईंनी पूर्ण बघितला. नाच संपतो, कॅमेरा नवरीकडे वळतो आणि मागं दारात ती दिसते. कानांवर हात. मी शेजारीच उभी आहे, टाळ्या वाजवत.