हौशे, दर्दी, शौकीन आणि वारकरी

(दृश्य : गावची जत्रा. पाळणे, रेवड्यांची दुकानं, देवळासमोरची रांग.)

जत्रेला तीन तऱ्हेची माणसं येतात, असं आपल्याकडे पूर्वापार म्हणतात. हौशे, नवशे आणि गवशे. हौशे मौज करायला येतात, नवशे बोललेला नवस फेडायला, आणि गवशे कुठे काही गवसतंय का ते बघायला. तीन शब्दांत अख्खी जत्रा उभी राहते.

एखाद्या गोष्टीपायी तहानभूक विसरणाऱ्या माणसाला नाव द्यायची वेळ आली, की मराठी माणूस असाच पारखून शब्द काढतो. वेडा, नादी, छंदिष्ट, हौशी, दर्दी, शौकीन, भक्त. यातला कुठलाही शब्द कुणालाही लावून चालत नाही. पदरचे पैसे घालून, नोकरी सांभाळून रात्री तालमी करणारा नट हौशी. गडकोटांच्या वाटा तुडवणारा दुर्गवेडा. दर शनिवारी जुन्या पुस्तकांच्या ढिगाशी उकिडवा बसणारा पुस्तकवेडा. वेडाचा शब्द आपण इतक्या प्रेमाने वापरतो, की ज्याला म्हणावं तो सुखावतो.

(दृश्य : कोल्हापूर, खासबाग मैदान. हलगीचा आवाज.)

कोल्हापुरात या वेडाला खास नाव आहे : नादखुळा. खुळा म्हणजे वेडाच. पण फुटबॉलच्या सामन्यात पोराने झकास गोल मारला की गॅलरीतून 'नाद खुळा!' अशी दाद येते, आणि ती दाद मिळवण्यासाठी पेठापेठांतली पोरं पायाची हाडं मोडून घेतात.

याच शहरात कुस्ती बघणाऱ्यांना शौकीन म्हणतात. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेलं हे खासबाग मैदान 1912 साली खुलं झालं. मधोमध तांबड्या मातीचा हौद आणि भोवती चढत गेलेली बसायची जागा. कुठेही बसा, जोड नीट दिसते. महाराजांनी मैदान बांधताना पैलवानाइतकाच बघणाऱ्याचा विचार केला होता, हे इथे बसल्याशिवाय कळत नाही.

शौकीन नुसता बघत नाही. पैलवानाने पट काढायच्या, म्हणजे समोरच्याचा पाय ओढायच्या, आधीच तो ओळखतो, आता पट निघणार. घिस्सा डाव कुठे फसला, ढाकेच्या डावाला पकड कशी सैल पडली, हे शेजाऱ्याला सांगतो. निकाली कुस्ती झाली की जिंकलेला गडी मैदानाला फेरी मारतो आणि शौकिनाचा हात आपसूक खिशात जातो. दहाची, पन्नासाची, शंभराची नोट. कमिटीने ठरवलेल्या इनामाशी तिचा संबंध नाही. ती या माणसाने आपल्या डोळ्यांना मिळालेल्या सुखापोटी दिलेली असते.

(दृश्य : पुणे. मांडवात भारतीय बैठक, तंबोरे जुळताहेत.)

गाण्याच्या जगात मात्र मानाचा शब्द 'दर्दी'. मोठा गवई बसायच्या आधी समोर नजर टाकतो ती एवढ्यासाठीच, की गर्दी किती आणि दर्दी किती. पुण्यात पंडित भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या, सवाई गंधर्वांच्या, स्मरणार्थ 1953 साली महोत्सव सुरू केला. रात्ररात्र चालायचा तो. शाली, कानटोप्या, थर्मास घेऊन माणसं सतरंजीवर बसून राहायची. तानसेन होता आलं नाही तर कानसेन तरी व्हावं, ही म्हण तिथे रक्तामांसाची दिसायची. पुढे रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकांवर बंधनं आली आणि वेळा बदलल्या. पहाटेचे राग त्या रात्रीबरोबर गेले, याची हळहळ जुन्या श्रोत्यांना अजून आहे, आणि ती रास्त आहे.

(दृश्य : आळंदी ते पंढरपूर रस्ता. ज्येष्ठ-आषाढाचं आभाळ, पताका.)

आता या सगळ्या शब्दांच्या ओळीत 'वारकरी' ठेवून बघा. वेड, नाद, दर्द, शौक, हौस हे सगळे मनाचे शब्द. वारकरी या शब्दात मनाचं काहीच नाही. वारी करणारा, एवढंच. शेती करणारा शेतकरी, तसा वारी करणारा वारकरी. त्याला विठ्ठलाची ओढ किती, हे शब्द विचारत नाही. तो येतो का आणि पुन्हा येतो का, इतकंच विचारतो. मला वाटतं, निष्ठेचं इतकं कडक मोजमाप दुसऱ्या कुठल्या शब्दात नाही.

दिंडीतली इतर नावंही अशीच कामावरून पडलेली. हातात टाळ तो टाळकरी. गळ्यात वीणा तो विणेकरी. खांद्यावर पताका तो पताकाकरी. गळ्यात तुळशीची माळ तो माळकरी, आणि ती माळ घातली की मांस-मद्य सुटलं, एकादशी लागली, पंढरीची खेप लागली. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली बाई चालता चालता ओवी म्हणते. एकमेकांना हाक मारायची ती 'माउली' म्हणून, मग समोर सत्तरीचा म्हातारा असो की शाळकरी पोर.

भाषा ऐका त्यांची. 'यंदा वारी केली' असं वारकरी सहसा म्हणत नाही. 'यंदा वारी घडली' म्हणतो. कर्तेपण स्वतःकडे घेत नाही. आणि 'आमच्या घरात वारी आहे' म्हणतो, जशी घरात जमीन असावी तशी. बापाचे गुडघे गेले की लेक निघतो. पेरणी उरकली तर ठीक, नाहीतर भावकीतला कुणीतरी ती बघतो.

(दृश्य : संध्याकाळ, पालखीतळ.)

ज्ञानोबा माउलींच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी लावली. ते शिंद्यांच्या पदरी सरदारकी केलेले गृहस्थ. लष्कराचा तो संस्कार संध्याकाळी तळावर अजून दिसतो. दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात. हजारो टाळ एकदम वाजत असतात. चोपदार दंड उंच करून 'होऽऽ' म्हणतो आणि एका क्षणात सगळं थांबतं. पण एखाद्या दिंडीची तक्रार असली तर ती दिंडी टाळ थांबवत नाही. सगळा तळ गप्प, आणि एका कोपऱ्यात टाळ सुरूच. मग चोपदार तिकडे जातात, म्हणणं ऐकून घेतात. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्याची वेळ सांगतात, आणि मग आरती. लाखोंच्या मेळ्यात गाऱ्हाणं मांडायची ही रीत मला फार थोर वाटते. ओरडायचं नाही, फक्त टाळ वाजवत राहायचा.

2020 आणि 2021 साली करोनामुळे पायी वारी झाली नाही. पालखीतल्या माउलींच्या पादुका एसटीच्या गाडीतून मोजक्या लोकांसह पंढरपूरला गेल्या. वारी चुकू दिली नाही, हे महत्त्वाचं.

(दृश्य : पंढरपूर, आषाढी एकादशी. चंद्रभागेचं वाळवंट.)

एकादशीला पदस्पर्शाच्या रांगेत कितीतरी तास जातात. पुष्कळ वारकरी त्या रांगेला लागतच नाहीत. चंद्रभागेत स्नान, नगरप्रदक्षिणा, आणि लांबून कळसाला हात जोडले की झालं. महिनोन् महिने वाट बघून, अडीचशे किलोमीटर चालून आलेला माणूस कळस बघून समाधानाने माघारी फिरतो. बाहेरून बघणाऱ्याला हे उलगडत नाही.

टीव्हीचे कॅमेरे एकादशीला आटोपतात. वारी तिथे संपत नाही. पौर्णिमेला गोपाळकाला होतो आणि पादुका आळंदीकडे परत निघतात, त्याही चालतच. हिला परतवारी म्हणतात. जाताना अडीच आठवडे लागलेली वाट येताना दहा-अकरा दिवसांत उरकायची असते, म्हणून मजला मोठ्या. रिंगण नाही, स्वागताच्या कमानी नाहीत, चहा-केळी वाटणारे मांडव विरळ. आषाढाचा पाऊस मात्र पुरता लागलेला. पाऊलवाट तीच, टाळ तेच, माणसं थोडी. आषाढ वद्य दशमीच्या सुमारास ती आळंदीला पोचतात, एकादशीचा उपास करतात, आणि बारस सोडून भांगलणीला आपापल्या रानात जातात. त्यांच्यासाठी भाषेने वेगळा, मोठा शब्द केलेला नाही. तेही वारकरीच.