कार्बनची सुई आणि पेशीची पंचाईत

नमस्कार, सोलापूरकर श्रोतेहो.

पूर्वभागातल्या यंत्रमाग कामगारांना हवेतल्या कापसाच्या तुसांबद्दल मी सांगायला नको. आज बोलायचंय ते त्याहून कितीतरी बारीक तंतूंबद्दल, कार्बन नॅनोट्यूबबद्दल, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्यांबद्दल. १९९१ मध्ये जपानी शास्त्रज्ञ सुमिओ इजिमा यांच्या शोधनिबंधामुळे जगाचं लक्ष या नळ्यांकडे गेलं. सुतावर त्यांचा लेप दिला की सुतातून वीज वाहते, म्हणून कापडधंद्याचाही त्यांच्यावर डोळा आहे.

पण त्या श्वासातून आत गेल्या तर? बाहेरून आलेला कण गिळायचा आणि तिथून हलवायचा, हे फुप्फुसातल्या भक्षक पेशींचं काम. अशी पेशी जेमतेम १५-२० मायक्रोमीटरची. आखूड नळी ती गिळते, गुंडाळी झालेली लवचीक नळीही गिळते. लांब, ताठ नळी आली की मात्र पंचाईत. गिळताही येईना, सोडताही येईना! त्या धडपडीत पेशी दाहक रसायनं आणि ऑक्सिजनचे आक्रमक रेणू बाहेर ओतत राहते. त्याची झळ शेजारच्या निरोगी पेशींना, त्यांच्या डीएनएला बसते. ॲस्बेस्टॉसचे लांब तंतू हेच करतात. २००८ मध्ये उंदरांच्या पोटाच्या पोकळीत लांब नळ्या सोडल्या, तेव्हा तसाच दाह दिसला. आखूड, गुंतलेल्या नळ्यांनी तो झाला नाही.

त्यामुळे ‘नॅनो म्हणजे विष’ ही ओरड मला पटत नाही. ‘कार्बन तर आपल्या अंगातच आहे’ हा युक्तिवाद तर त्याहून नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये एमडब्ल्यूसीएनटी-७ या एकाच ताठ प्रकाराला ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात टाकलं. बाकीच्या नळ्यांबद्दल पुरावा अपुरा ठरवला. शिवाय नळ्या बनवताना वापरलेल्या लोखंडाचे, निकेलचे अंश उरले, तर तेही पेशीला छळतात.

खरा धोका कोरडी पूड हाताळणाऱ्याला. लेप पक्का बसलेलं कापड वापरणाऱ्याला तेवढा नाही. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेने २०१३ मध्ये मर्यादा सुचवली ती ८ तासांच्या पाळीत, एक घनमीटर हवेत फक्त १ मायक्रोग्रॅम. नाकाला बांधलेला रुमाल इथे कामाचा नाही. उद्या असा माल आपल्या एमआयडीसीत आला, तर कारखानदारांनी भावाआधी दोन गोष्टी विचाराव्यात: नळ्या किती लांब, आणि पूड कोरडी येणार की पाण्यात कालवलेली?