आविन्योंतलं प्रवचन

फ्रान्समधलं आविन्यों. चौदाव्या शतकात बराच काळ पोप रोमऐवजी इथे राहत. आज इथे दिसतो तो पोपचा राजवाडा थोडा नंतरचा. आपली गोष्ट त्याच्या पायाभरणीआधीची.

१ नोव्हेंबर १३३१, सर्व संतांचा सण. नव्वदीकडे झुकलेले पोप जॉन बाविसावे प्रवचनाला उभे राहिले आणि म्हणाले, संतांचे आत्मेसुद्धा अजून देवाला समोरासमोर पाहत नाहीत. बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या पुस्तकात आत्मे वेदीखाली आहेत ना? तसेच ते ख्रिस्ताच्या मानवी रूपाच्या आसऱ्याला थांबलेत. खरं देवदर्शन अंतिम न्यायाच्या दिवशी, शरीर परत मिळाल्यावर.

गदारोळ उठला, आणि उठणारच होता. संत देवासमोर पोचलेच नसतील, तर त्यांना गाऱ्हाणं घालायचं कशाला? कॅथलिक शिकवण सांगते, माणूस मेला की लगेच त्याचा न्याय होतो. शेवटपर्यंत देवाकडे पाठ फिरवली त्याला नरक, निर्मळ आत्म्याला स्वर्ग. देवाच्या कृपेत मेला पण मळ उरलाय, त्याला आधी शुद्धीस्थान. तिथल्या आत्म्यांना जिवंतांच्या प्रार्थनेचं बळ मिळतं. म्हणून तर आपल्या वसईतही २ नोव्हेंबरला मृतांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थनाविधी, होतो. पण शुद्धी होऊनही ताटकळतच राहायचं असेल, तर?

थॉमस वॉलिस या डोमिनिकन संघाच्या इंग्रज धर्मगुरूने आविन्योंतच उलट प्रवचन केलं. त्याला तुरुंगात टाकलं. म्युनिकला पळालेल्या विल्यम ऑफ ऑकम या इंग्रज तत्त्वज्ञाच्या हाती तर आयतं कोलीत मिळालं; पोपशी त्याचं आधीपासूनच वाकडं होतं. डिसेंबर १३३३मध्ये फ्रान्सचा राजा सहाव्या फिलिपने पॅरिसच्या धर्मपंडितांना पॅरिसजवळच्या व्हँसेनला बोलावलं. त्यांनी पोपच्या विरोधात कौल दिला.

जॉन हट्टी होते, पण हे आपलं वैयक्तिक मत आहे, चर्चचा निवाडा नव्हे, ही पळवाट त्यांनी उघडी ठेवली होती. मरणाच्या आदल्या दिवशी, ३ डिसेंबर १३३४ला, कार्डिनलांसमोर त्यांनी ते मत मागे घेतलं.

वाद मिटवला पुढच्या पोपनी. बेनेडिक्ट बारावे, मूळचे सिस्टर्शियन संघाचे साधू आणि पाखंड्यांची चौकशी करणारे कसलेले अधिकारी. २९ जानेवारी १३३६च्या त्यांच्या फर्मानात मोघम काही नाही: शुद्ध झालेले आत्मे अंतिम न्यायाची वाट न पाहता देवाला समोरासमोर पाहतात, घोर पापात मेलेले लगेच नरकात जातात. शेवटच्या दिवशी मात्र सगळ्यांनाच आपापल्या शरीरासह ख्रिस्तासमोर उभं राहायचंय.

शरीर परत मिळाल्यावर ते दर्शन आणखी गहिरं होईल का? यावर फर्मान गप्प आहे.