आंबटाने खाल्लेली नक्षी

(वैशाखातलं खळं. चटईवर सोलं वाळत घातलेली. पाटावर एक सुरी.)

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घरी मे महिना म्हणजे सोलांचा, कोकमांचा महिना. रातांबे फोडायचे, बिया काढायच्या, सालं मिठाच्या रसात बुडवून उन्हात टाकायची, संध्याकाळी पुन्हा बुडवायची. गेल्या वर्षी आईने हे सगळं एका नव्या सुरीने केलं. मामेभाऊ बोटीवर असतो, त्याने ती आणलेली. दमास्कस पोलादाची. आणली तेव्हा ओहोटीनंतर वाळूत रेघा राहतात ना, तशा रेघा तिच्या पात्यावर होत्या, काळ्या आणि रुपेरी.

आधी रातांबे, मग लोणच्याच्या कैऱ्या, मग रोजचे बांगडे. आणि दर वेळी चुलीतली राख आणि काथ्या घेऊन सुरी घासून लख्ख करायची. आईच्या हातची भांडी अशीच चकचकीत असतात. पाऊस लागायच्या आत पातं एकसारखं करडं पडलं.

"खय गेली रे ती नक्षी?" आईने विचारलं.

(लोहाराची साळ. भाता, ऐरण. कोनाड्यात कोयते.)

सुरी घेऊन मी गावच्या लोहाराकडे गेलो. आमच्या घरचे कोयते धार लावायला त्यांच्याकडेच जातात, आम्ही त्यांना आबा म्हणतो. त्यांनी पातं नखाने वाजवून पाहिलं, धारेवरून अंगठा आडवा फिरवला. म्हणाले, "पाणी बरा आसा हेचा." मग पातं उजेडात तिरकं धरलं. "हेका आंबटान खाल्ल्यान."

आबांचं निदान बरोबर होतं. फक्त एक गोष्ट मला नंतर कळली. नक्षी ज्याने घालवली, तिला परत आणणारं औषधही त्याच जातीचं असतं.

आज दमास्कस म्हणून विकलं जाणारं बहुतेक पोलाद दोन पोलादांचं मिळून असतं. एक साधं, कार्बनचं. दुसऱ्यात सुमारे 2 टक्के निकेल. दोन्हीच्या पट्ट्या एकावर एक रचून भट्टीत तापवतात आणि घणाखाली एकजीव करतात. मग लांबवायचं, दुमडायचं, पुन्हा ठोकायचं. 7 पट्ट्या घेऊन 5 वेळा दुमडलं की 224 थर होतात. घासून गुळगुळीत केलं की हे थर डोळ्याला दिसतच नाहीत. ते दाखवतं आम्ल. साधं पोलाद आम्लात लवकर झिजतं आणि काळं पडतं, निकेलवालं तग धरतं आणि उजळ राहतं. म्हणजे रेघ ही रंगाची नसते, दोन पोलादांच्या झिजण्यातल्या फरकाची असते. रातांब्याच्या रसाने काळी पडलेली जागा पोखरली, राखेने आणि काथ्याने ती साफ उडवली. थर मात्र पात्याच्या आत होते तिथेच राहिले.

(जुन्या तलवारीच्या पात्याचं जवळून चित्रण.)

जुनं दमास्कस याहून वेगळं होतं, आणि त्याचा कच्चा माल आपल्याच देशातून जायचा. तेलंगणातलं कोनासमुद्रम हे त्याचं एक नावाजलेलं गाव. मातीच्या मुशीत वितळवलेल्या पोलादाचे ते गोळे, त्यात सुमारे दीड टक्का कार्बन. इंग्रजांनी त्याला वूट्झ म्हटलं. त्यात वेगवेगळ्या पट्ट्या नसत. मूस सावकाश निवताना आणि मग मंद आचेवर ठोकताना कार्बाइडच्या, म्हणजे लोखंड आणि कार्बनच्या संयुगाच्या, ओळी आपोआप धरत. लंडनमध्ये मायकल फॅरेडे यांनी 1819 साली याच पोलादाचं पृथक्करण केलं. फॅरेडे हे लोहाराचे चिरंजीव, हे वाचल्यावर मी सगळ्यात आधी आबांना सांगितलं. त्या ओळी धरायला व्हॅनेडियमसारख्या धातूंचा नुसता अंशही पुरतो, हे 1998 साली व्हेरहोव्हेन हे धातुशास्त्रज्ञ आणि पेंड्रे हे पाती घडवणारे कारागीर, यांनी एका सहकाऱ्यासोबत मांडलं. पात्यावरच्या त्या लाटांना फारसीत जौहर म्हणतात, आणि जुने कारागीर तो हिराकसाच्या, म्हणजे लोखंडाच्या एका क्षाराच्या, पाण्याने उठवत.

आमच्या सुरीकडे परत येतो.

पहिली शंका अशी की नक्षी खरी आहे का. बाजारात साध्या पात्यावर लेझरने वरवर रेघा उमटवलेल्या सुऱ्याही दमास्कस म्हणून खपतात. त्यांची नक्षी एकदा घासली की कायमची गेली. म्हणून आधी मुठीजवळ नखाएवढी जागा घासली आणि काडीने फेरिक क्लोराईडचा एक थेंब ठेवला. हे रसायन इलेक्ट्रॉनिक्सचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं, सर्किट बोर्डाचं तांबं खरवडायला वापरतात. पाच मिनिटांनी थेंब पुसला. खाली तीन रेघा होत्या. आईने चष्मा लावून त्या मोजल्या.

(आबांचे हात, पॉलिश पेपर, पाण्याची वाटी.)

घासण्यात एक अख्खा दिवस गेला. 400 नंबरचा पॉलिश पेपर, मग 600, 800, शेवटी 1200. लाकडाच्या ठोकळ्याला कागद गुंडाळून, पाणी लावत, एकाच दिशेने. आधीच्या कागदाचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा कागद घ्यायचा नाही. इथे घाई केली तर आम्ल नक्षीच्या आधी तो ओरखडाच दाखवतं. धारेला चिकटपट्टी लावली, ती आमच्या बोटांसाठी.

मग तेलाचा अंश काढणं. ॲसिटोनने पुसलं, आणि त्यानंतर पात्याला उघडा हात लावला नाही. बोटाचा ठसा राहिला तर आम्ल तिथे नीट चढत नाही.

नळाच्या कामातला पीव्हीसी पाइपचा तुकडा, खाली टोपण बसवलेलं. त्यात तीन भाग पाणी, एक भाग फेरिक क्लोराईडचं द्रावण. हातमोजे, चष्मा, उघडी पडवी. धातूचं भांडं चालत नाही, आणि याच्या वाफेने जवळची हत्यारं गंजतात, म्हणून आबांनी आपले कोयते आधीच आत नेऊन ठेवले. सुरी मुठीला दोरी बांधून, मूठ वर ठेवून, उभी सोडली. दहा मिनिटं.

बाहेर आली ती काजळ फासल्यासारखी. आईचा चेहरा उतरला. आबांनी पातं पाण्यात धुतलं, जुन्या मऊ झालेल्या कागदाने हलकेच पुसलं, आणि काजळीखालून लाट निघाली. पुसट, पण तीच. असं चार वेळा केलं. दर वेळी रेघ थोडी खोल गेली. चौथ्या वेळी कापड फिरवताना ती बोटाला जाणवायला लागली. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून आम्ल मारलं.

उरलेलं द्रावण टोपणाच्या प्लास्टिक बाटलीत नाव लिहून उंच फळीवर आहे. ते अनेकदा वापरता येतं. आमच्या घरामागून व्हाळ वाहतो, त्यात ते एक थेंबही जाणार नाही.

काळा अजून गडद हवा होता. त्यासाठी कॉफी. इन्स्टंट कॉफी पिण्यासाठी करतो त्याच्या कितीतरी पट कडक केली आणि निवल्यावर त्यात पातं रात्रभर उभं ठेवलं. आईला हे नवं वाटलं नाही. केळफूल चिरताना विळी काळी पडते ती तिने जन्मभर पाहिली आहे. दोन्हीकडे तुरट रस लोखंडाला भेटतो आणि काळा रंग धरतो.

(सकाळ. सुरी कॉफीतून बाहेर.)

धुऊन, कोरडी करून, खोबरेल तेलाचं बोट फिरवलं तेव्हा पडवीत कोणी काही बोललं नाही.

आता ती सुरी काम झालं की लगेच धुतली जाते, फडक्याने कोरडी होते, तेलाचं बोट लागतं. राख आणि काथ्या तिच्यापासून लांब. सोलांच्या दिवसांत आई जुनी विळीच घेते. खारा वारा आमच्या हातात नाही.

मुठीजवळ मात्र मिठाने खोल गेलेला एक खळगा आहे, मोहरीएवढा. तो काढायचा तर सगळं पातंच पातळ करावं लागलं असतं. आईचं बोट त्यावर थांबलं.

"हो खळगो रवलो काय?"

आबा भात्याकडे वळत म्हणाले, "रवांदे."