म्हाताऱ्या टीमचं करायचं काय?

आवाज येतोय ना मागे? बरं. मंडळात बास्केटबॉलवर बोलायला उभं केलंय म्हटल्यावर क्रिकेटवाले सगळे बटाटेवड्याच्या टेबलापाशीच रेंगाळलेत ते मला इथून दिसतंय, हरकत नाही, वडे गरम आहेत तोवर खाऊन घ्या. पण आपण सगळे बॉस्टनच्या आजूबाजूला राहतो, पोरं आपली हिरवे जर्सी घालून शाळेत जातात, आणि टीमचे हीरो पस्तिशीला टेकले की त्यांना ठेवायचं का उन्हाळ्यात विकून टाकायचं (म्हणजे दुसऱ्या टीमला देऊन बदल्यात काहीतरी घ्यायचं, त्यालाच ट्रेड म्हणतात) यावरून दर दोनचार वर्षांनी घराघरात भांडण होतं, माझ्या घरी तर जेवायच्या टेबलावर होतं. म्हणून हा विषय.

पहिल्यांदा एक जुनी गोष्ट. एनबीए ह्या लीगमध्ये आपल्या बॉस्टनच्या सेल्टिक्सनी १९८१, ८४ आणि ८६ साली चॅम्पियनशिप मारली, लॅरी बर्ड, केव्हिन मॅकहेल, रॉबर्ट पॅरिश. मग म्हातारपण आलं. १९८७ च्या प्लेऑफमध्ये मॅकहेल पायाचं हाड मोडलेलं असताना खेळला, १९८८-८९ मध्ये बर्डच्या दोन्ही टाचांचं ऑपरेशन झालं, तो अख्ख्या सीझनमध्ये सहा मॅच खेळला. त्या काळात दुसऱ्या टीम्स चांगल्या ऑफर घेऊन येत होत्या. त्याच टीममधला एक गार्ड, डॅनी एंज, त्यानं पुढे स्वतः सांगितलंय की ख्रिसमसच्या पार्टीत आपण टीमचे सर्वेसर्वा रेड ऑवरबॅक यांना म्हणालो होतो, की ह्या लोकांना विकून टाका. ऑवरबॅकनी काही विकलं नाही. विकलं कुणाला, तर १९८९ च्या फेब्रुवारीत एंजलाच, सॅक्रामेंटोला! बर्ड १९९२ ला थांबला, मॅकहेल ९३ ला, ९४ ला पॅरिश सोडून गेला, आणि बदल्यात हातात काय आलं, शून्य. १९९६-९७ ला टीम १५ जिंकली आणि ६७ हरली.

आता इथे लोक लगेच म्हणतात, बघा, वेळेवर विकलं नाही म्हणून वाट लागली. इतकं सरळ नाहीये ते. ज्यांच्या खांद्यावर पुढची टीम उभी राहणार होती ते दोन पोरगे गेले हो. लेन बायस, १९८६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवीन पोरं निवडतात तेव्हा, दुसऱ्या नंबरवर घेतला आणि दोन दिवसांत वारला. रेजी लुईस १९९३ च्या जुलैत. त्याचा हिशोब कुठल्या ट्रेडमध्ये मांडणार? पण एंजच्या डोक्यात तो धडा बसला तो बसलाच.

तोच एंज पुढे सेल्टिक्सचा कारभारी झाला. २००७ च्या उन्हाळ्यात त्यानं उलटा डाव टाकला, तरुण पोरं देऊन तिशी ओलांडलेले आणले, रे अॅलन ड्राफ्टच्या रात्री आणि जुलैअखेर केव्हिन गार्नेट, गार्नेटसाठी तर पाच खेळाडू आणि दोन फर्स्ट राउंड पिक, म्हणजे ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतल्या दोन पाळ्या. आदल्या वर्षी २४ मॅच जिंकलेली टीम ६६ जिंकली आणि २००८ ला लॉस एंजेलिसच्या लेकर्सना हरवून चॅम्पियन झाली, बावीस वर्षांनी. म्हणजे ट्रेड करून टीम बांधता येते हे सिद्धच आहे, प्रश्न तो नाहीच. खरा प्रश्न पाचसहा वर्षांनी येतो, जेव्हा तेच लोक पस्तिशीचे होतात.

२०१३ चा जून. अॅलन आधीच्या वर्षी मायामीला गेलेला. पॉल पिअर्स ३५ चा, गार्नेट ३७ चा. बैलबाजारात जाऊन आलेल्यांना माहिती असेल, गिऱ्हाईक आधी तोंड उघडून दात बघतं, आणि दात जुळलेला बैल म्हटलं की भाव पडलाच. ह्या दोन बैलांचे दात तर सगळ्या लीगला पाठ होते. तरी पण गिऱ्हाईक आलं. आणि कसलं आलं!

ब्रुकलिन नेट्स. टीम नुकतीच न्यू जर्सीहून ब्रुकलिनला आलेली, नवं कोरं स्टेडियम, मालक रशियन अब्जाधीश मिखाईल प्रोखोरोव्ह, आणि ह्या गृहस्थांनी टीम घेतली तेव्हाच जाहीर करून टाकलं होतं की पाच वर्षांत चॅम्पियनशिप आणतो, नाहीतर शिक्षा म्हणून लग्न करतो. (हसू नका, खरंच म्हणाले होते.) म्हणजे डोक्यावर घड्याळ टिकटिकतंय. आपल्याकडे म्हणतात ना, गरजवंताला अक्कल नसते. बरं, ही त्यांची पहिली वेळ पण नव्हती, २०१२ च्या मार्चमध्ये त्यांनी जेराल्ड वॉलेस नावाच्या खेळाडूसाठी पोर्टलंडला आपला फर्स्ट राउंड पिक दिला होता आणि तो पिक म्हणजे पुढे मोठा स्टार झालेला डेमियन लिलर्ड निघाला. तोच वॉलेस वर्षभरात नकोसा झाला आणि ह्या सौद्यात त्याला बॉस्टनकडे ढकलला.

सौदा नीट बघा, मला ह्यातली कारागिरी फार आवडते. गार्नेट, पिअर्स आणि जेसन टेरी गेले ब्रुकलिनला. आले कोण? खेळाडू म्हणून धड कोणी नाही. पण त्याच्यासोबत २०१४, २०१६ आणि २०१८ चे फर्स्ट राउंड पिक, आणि २०१७ ला पिकची अदलाबदल करायचा हक्क. ज्यांना ड्राफ्ट माहिती नाही त्यांच्यासाठी, सीझन संपला की नवीन पोरं निवडायची पाळी लागते, जो जास्त हरला त्याला साधारण आधी पाळी मिळायची शक्यता जास्त. तर १४, १६, १८ असं एक सोडून एक का? कारण १९८० च्या सुमारास क्लीव्हलंडचे मालक टेड स्टेपियन यांनी आपले पिक असे काही उधळले की लीगला नियम करावा लागला, पुढच्या लागोपाठ दोन वर्षांचे फर्स्ट राउंड पिक देऊन मोकळं व्हायचं नाही. मग मधल्या १७ सालाचं काय करायचं? तर तो पिक घ्यायचाच नाही, फक्त म्हणायचं की त्या वर्षी तुझा आणि माझा, ज्याचा चांगला तो मी ठेवणार. कागदावर ब्रुकलिनकडे पिक शिल्लक, नियम मोडला नाही, आणि बाग मात्र रिकामी. कोकणात मोहोर यायच्या आधी पाच वर्षांचा बाग मक्त्यानं देऊन टाकावा तसला प्रकार.

आणखी एक गंमत. लीगमध्ये ट्रेड करताना दोन्ही बाजूंचे पगार साधारण जुळावे लागतात, आणि ब्रुकलिनचं गणित थोडं कमी पडत होतं. तर त्यांनी काय केलं, कीथ बोगन्स म्हणून एक बेंचवरचा खेळाडू, आधी वर्षाला दहा लाख डॉलरच्या आसपास घेणारा, त्याच्याशी नवीन करार केला वर्षाला ५० लाख डॉलरच्या आसपासचा आणि लगेच त्याला ट्रेडमध्ये टाकला. वजनकाट्यावर कमी पडलं तर वर एक वांगं टाकतात तसा.

ब्रुकलिनवाले मूर्ख होते असं आता सगळे म्हणतात, मला तेही पूर्ण पटत नाही. सीझनची सुरुवात भयानक झाली, १० जिंकल्या २१ हरल्या, त्यांच्या ब्रुक लोपेझच्या पायाचं हाड मोडलं, तरी सावरून ४४ जिंकल्या, प्लेऑफमध्ये टोरांटोविरुद्ध सातव्या मॅचमध्ये शेवटच्या क्षणी काइल लाउरीचा शॉट अडवला तो कोणी, म्हाताऱ्या पिअर्सनीच. एका पॉइंटनी सिरीज जिंकली. पुढे मायामीनी ४-१ नी उचलून आपटलं आणि संपलं. फक्त लक्झरी टॅक्सच, म्हणजे पगाराची मर्यादा ओलांडल्याचा दंड, जवळपास ९ कोटी डॉलर भरला त्या वर्षी. पिअर्स त्याच उन्हाळ्यात वॉशिंग्टनला गेला, गार्नेट २०१५ च्या फेब्रुवारीत मिनेसोटाला, आणि मग बिल यायला लागलं. २०१५-१६ ला २१ विजय, पुढच्या वर्षी २०, लीगमध्ये सगळ्यात खाली, आणि एवढं हरून पण त्यांच्या हातात काही नाही कारण पाळी बॉस्टनची. २०१६ चा तिसरा नंबर, जेलन ब्राउन. २०१७ चा पहिला नंबर, तो एंजनी फिलाडेल्फियाला देऊन तिसरा घेतला आणि वर अजून एक पिक, आणि त्या तिसऱ्यावर जेसन टेटम. २०१८ चा पिक कायरी अर्व्हिंगला आणायच्या ट्रेडमध्ये दिला, आणि तो पठ्ठ्या दोन वर्षांनी गेला कुठे, ब्रुकलिनलाच. हिशोब कुठे ना कुठे थोडा फिटतोच म्हणा. असो, २०२४ ला ब्राउन आणि टेटमच्या टीमनी डॅलसला ४-१ हरवून अठरावी चॅम्पियनशिप आणली.

तर मग ठरलं, विकायचं? थांबा. माझं सगळं म्हणणं इथेच आहे. एंजनी म्हातारे खेळाडू विकले असं मला वाटतच नाही, त्यानं प्रोखोरोव्हची घाई विकली. ब्रुकलिन नसतं तर त्या दोघांना बाजारात काय मिळालं असतं? विकायची वेळ तुमच्या खेळाडूच्या वयावरून ठरत नाही, समोर असा गिऱ्हाईक उभा आहे का यावरून ठरते, आणि तो दर उन्हाळ्यात येत नाही.

आता सॅन अँटोनियोला चला, कारण तिकडे उलटं घडलं. २०११ ला तिथली टीम स्पर्स ६१ मॅच जिंकून पश्चिम विभागात पहिल्या नंबरवर होती आणि प्लेऑफच्या पहिल्याच राउंडला आठव्या नंबरच्या मेंफिसनी त्यांना ४-२ नी घरी पाठवलं. टिम डंकन ३५ चा, मनू जिनोबिली ३४ ला टेकलेला. सगळीकडे एकच बोंब, खेळ खल्लास, मोडा टीम. त्यांनी मोडली नाही. पण हातावर हात ठेवून बसले असंही नाही, हे लोक विसरतात. ड्राफ्टच्या रात्री ट्रेड केलाच, पण म्हाताऱ्यांना हात लावला नाही, दिला तो जॉर्ज हिल, पंचविशीतला, कोच पॉपोविचचा एकदम लाडका. आणि बदल्यात इंडियानाकडून घेतला पंधराव्या नंबरचा एक अबोल पोरगा, कवाय लेनर्ड. पुढच्या वर्षी शार्लटनी सोडून दिलेला बोरिस डिऑ उचलला. क्लीव्हलंडनी काढून टाकलेला डॅनी ग्रीन आधीच होता. डंकननी २०१२ ला नवा करार केला तो आधीच्या पगाराच्या निम्म्याहून कमीवर. २०१३ च्या फायनलला सहाव्या मॅचमध्ये पाच सेकंद राहिले असताना आपल्याच जुन्या रे अॅलननी मायामीकडून कोपऱ्यातून शॉट मारून त्यांचा घास हिरावला, आणि २०१४ ला त्याच मायामीला ४-१ नी धुतलं, लेनर्ड बाविसाव्या वर्षी फायनलचा सर्वोत्तम खेळाडू. आणि त्या अख्ख्या सीझनमध्ये स्पर्सचा एकही खेळाडू मॅचला सरासरी ३० मिनिटं खेळला नव्हता. म्हाताऱ्यांना कसं वापरायचं याचं याच्याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही, जिनोबिलीसारखा माणूस बेंचवरून यायचा आणि तक्रार नाही.

हे सगळ्यांना जमत नाही हेही खरं. डंकननी पगार सोडला, म्हणून डिऑ, ग्रीन परवडले. तुमच्या हीरोला शेवटचा मोठा करार हवा असेल, आणि त्याचा हक्क आहे तो, तर स्पर्सचं गाणं तुमच्या घरी वाजणार नाही.

लेकर्सवर फार वेळ घालवत नाही. २०१२ ला स्टीव्ह नॅश आणला ३८ वर्षांचा, त्याच्यासाठी दोन फर्स्ट राउंड पिक दिले, ड्वाइट हॉवर्ड आणला, पाच मॅच झाल्या आणि कोचला हाकललं, एप्रिलमध्ये त्यांच्या कोबी ब्रायंटची अकिलीस (टाचेमागचा स्नायुबंध) तुटली, प्लेऑफमध्ये ४-० नी गेले. म्हाताऱ्या टीममध्ये आणखी म्हातारा आणून टीमची नव्यानं बांधणी होत नाही, एवढंच.

आणि २०१३ चं स्वप्न आज कोणी बघू नका. लीग आणि खेळाडूंच्या २०२३ पासूनच्या करारात सेकंड एप्रन म्हणून जी पगाराची रेषा आली आहे ना, तिच्यावर गेलात तर ट्रेडमध्ये दोघांचे पगार एकत्र जोडून एक मोठा खेळाडू आणता येत नाही. २०२५ ला आपल्यालाच कळलं. टेटमची अकिलीस मे महिन्यात गेली, उन्हाळ्यात पगार कमी करायला ज्रू हॉलिडे पोर्टलंडला पाठवला, ३५ चा, अजून उत्तम डिफेन्स करणारा, आणि बदल्यात फर्स्ट राउंडचा एकही पिक आला नाही. २०१३ ला पस्तिशीचे दिले आणि बागा आल्या, बारा वर्षांनी पस्तिशीचा दिला तर नुसता खर्च वाचला. तो पण फायदाच आहे, नाही असं नाही.

घरातल्या भांडणाचं सांगतो आणि थांबतो. २६ जानेवारी २०१४, पिअर्स आणि गार्नेट ब्रुकलिनच्या काळ्या जर्सीत बॉस्टनच्या गार्डन स्टेडियमला आले. मुलगा नऊ वर्षांचा, आम्ही अगदी छताखालच्या सीटवर. गार्नेटची एक सवय होती, मॅचच्या आधी बास्केटच्या खांबाच्या गादीवर डोकं आपटायचा, ते बघायला मुलगा दुर्बीण घेऊन आला होता. पिअर्सचा व्हिडिओ लावला, अख्खं स्टेडियम उभं राहिलं, प्रतिस्पर्ध्यासाठी, आणि मॅच आम्हीच हरलो. उतरताना मुलगा विचारतो, बाबा, हे आपले होते तर दिले कशाला? मी म्हटलं पिकसाठी. तर म्हणे पिक म्हणजे कोण? मी म्हटलं, अजून माहिती नाही. तो गाडीत बसेपर्यंत माझ्याशी बोलला नाही, आणि त्याचं काय चुकलं सांगा.

हां, मागून विचारतायत, त्या बोगन्सचं पुढे काय झालं? सेल्टिक्ससाठी मोजून सहा मॅच खेळला. पुढे त्याला क्लीव्हलंडला पाठवला, तिथून लगेच फिलाडेल्फियाला, खेळायला नाही, पगार जुळवायलाच. त्या सगळ्या ट्रेडमध्ये सगळ्यात निवांत माणूस तोच असावा. चला, चहा आलाय वाटतं.