अर्ध्या मिनिटाचं विमान

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत ओरेगन राज्यात मॅकमिनव्हिल नावाचं गाव आहे. तिथल्या एव्हरग्रीन विमान संग्रहालयात शिरल्यावर मी आधी विमान शोधत बसलो. डोक्यावर पसरलंय ते छत नव्हे, पंख आहे, हे जरा उशिराच लक्षात आलं.

हे ह्यूजेस एच-४ हर्क्युलिस, पाण्यावरून उडणारं आणि पाण्यावरच उतरणारं विमान. पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत ३२० फूट. राइट बंधूंचं १९०३ सालचं पहिलं उड्डाण १२० फुटांचं होतं. या पंखांच्या लांबीत ते दोनदा बसेल, आणि वर जागा उरेल! आसपासची विमानं तर याच्यापुढे खेळण्यातली वाटतात.

आणि हे सगळं बहुतांशी लाकडाचं! दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या, म्हणून साडेसातशे सैनिक समुद्रावरून उडवत नेणारं विमान हवं होतं. ॲल्युमिनियमची टंचाई, मग लाकूड. वर्तमानपत्रांनी चेष्टेनं नाव ठेवलं ‘स्प्रूस गूस’, म्हणजे स्प्रूस झाडाच्या लाकडाचा हंस. खरं तर त्यात स्प्रूस थोडं, बर्च झाडाचं लाकूडच जास्त. हे विमान बांधणाऱ्या हॉवर्ड ह्यूजेसना ते नाव मुळीच खपत नसे. जवळ जाऊन पाहिलं तर अंग इतकं गुळगुळीत, की जोड सापडत नाही. लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवायचे, गोंद वाळेपर्यंत बारीक खिळ्यांनी धरून ठेवायचे, आणि मग ते खिळे उपटून काढायचे. किती हातांनी किती खिळे उपटले असतील, कोण जाणे!

विमान तयार होईपर्यंत युद्धच संपलं. सरकारी पैसा गेला कुठे, म्हणून सिनेटच्या समितीनं ह्यूजेसना जाब विचारला. २ नोव्हेंबर १९४७ला ते लाँग बीचच्या बंदरात हे विमान नुसतं पाण्यावर पळवून बघणार होते. पण आठही इंजिनं गरजली आणि विमान उचललं. सत्तरेक फूट उंची, जेमतेम मैलभर अंतर. ह्यूजेसच्या सिनेटमधल्या झगड्याबद्दल मी आत्ता बोलायला लागलो, तेव्हा ते हवेत गेलं असं धरा. एव्हाना ते परत पाण्यावर टेकलंसुद्धा. पुन्हा ते कधीच उडालं नाही. तरी १९७६ साली मरेपर्यंत ह्यूजेसनी ते हँगरमध्ये जपून ठेवलं.

आत वाकून पाहिलं, तर या अजस्र विमानाच्या पोटात चक्क समुद्रकिनाऱ्यावर मुलं खेळतात तसले हवेचे चेंडू. तळाला भोक पडून पाणी शिरलंच, तर बुडू नये म्हणून भरलेले.