सुकाणूतलं पाणी
(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, फळ्यावर विषय लिहिलाय 'जुन्या छोट्या शिडाच्या होडीच्या सुकाणूची दुरुस्ती'. म्हणजे १९७०-८० च्या सुमाराची, वीस-चोवीस फुटी, फायबरग्लासची होडी. लाकडी सुकाणूवाल्यांनी आज चहापुरतं बसलं तरी चालेल. त्यांचं लाकूड सडताना निदान दिसतं तरी!

फायबरच्या सुकाणूच्या पात्याला, म्हणजे पाण्यातल्या चपट्या भागाला, बाहेर दोन अर्धी कवचं असतात, कडेला एकमेकांना चिकटवलेली. आत पॉलियुरेथेन फोम. वरून आत उतरतो तो स्टेनलेसचा शाफ्ट, आणि त्याला आतल्या आत वेल्ड केलेल्या आडव्या पट्ट्या. टिलरचा, म्हणजे सुकाणू फिरवायच्या दांड्याचा, सगळा जोर त्या पट्ट्यांमार्फत पात्याला पोचतो. पट्ट्या कुणालाच दिसत नाहीत. सगळा घोळ तिथेच आहे.

आता माझी जुनी तक्रार. पात्याला चीर दिसली की आपण काय करतो? पुट्टी! मळली, दाबली, पॉलिश पेपर मारला, रंग दिला. पुढच्या मे महिन्यात होडी वर ओढली की चीर जागच्या जागी. मग पुन्हा पुट्टी. काही सुकाणूंत आता फायबरपेक्षा पुट्टीच जास्त असेल. (हशा) हसू नका, रंग खरवडून बघा.

अहो, पाणी बहुतेक वेळा त्या चिरेतून शिरलेलंच नसतं. ते शिरतं वरून, शाफ्ट पात्यात घुसतो त्या सांध्यातून. स्टील आणि फायबर उन्हात सारखं प्रसरण पावत नाहीत, त्यात टिलरच्या हिसक्यांनी सांधा किंचित उघडतो. केसाएवढी फट पुरते. फोम ते पाणी धरून ठेवतो, आत गंज फुगतो, पट्ट्या सुटतात आणि मग कवच उकलतं. चीर येते ती अशी शेवटी. तिच्यावर पुट्टी मारली की पाणी आत कोंडलं.

'पण स्टेनलेस गंजतं कसं?' हा प्रश्न येणारच. स्टेनलेस टिकतं ते पृष्ठभागावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या पातळ थरामुळे, आणि तो थर सांधायला ऑक्सिजन लागतो. बंद फटीतल्या खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन संपतो, क्लोराइड थर फोडतं आणि खड्डे पडतात. ३१६ आणि ३०४ हे स्टेनलेसचे प्रकार. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम धातू असतो, म्हणून ते ३०४ पेक्षा जास्त तग धरतं. पण कोंडलेल्या पाण्यात तेही सुटत नाही. वरचा उघडा भाग चकचकीत राहतो आणि फसगत होते ती त्यामुळेच.

तपासणी सोपी आहे. एकानं टिलर घट्ट धरायचा, दुसऱ्यानं पातं हलवायचं. टिलर स्थिर आणि पातं हललं, तर आधी टिलरचा बोल्ट आणि टिलर शाफ्टवर फिरू न देणारी चावी (खाचेतली पाचर) बघा. ते ठीक असेल तर आतल्या पट्ट्या गेल्या. नाण्यानं पातं ठोकत जा, नारळ वाजवून घेतो तसं. बद्द आवाज आला तिथे कवच फोमपासून सुटलंय. मग सर्वांत खालच्या कोपऱ्यात ५ मिलिमीटरचं भोक पाडा. तपकिरी पाणी आलं की पुट्टीचा डबा ठेवून द्या.

(संयोजक घड्याळ दाखवतात.) दहा मिनिटं? बरं, आता दुरुस्ती. तीच सांगायला आलो होतो.

एका बाजूचं कवच ग्राइंडरनं कडेपासून थोडं आत कापून झाकणासारखं काढा, दुसरी बाजू साचा म्हणून राहू द्या. चकती कवचाच्या जाडीपुरतीच आत जाऊ द्या, तीन-चार मिलिमीटर. ओला फोम सगळा काढा. वेल्ड तडकले असतील तर ३१६एलच्या (३१६ चाच कमी कार्बनचा प्रकार) नव्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी वेल्ड करून पिकलिंग पेस्टनं, म्हणजे वेल्डचा डाग काढणाऱ्या आम्लाच्या लेपानं, साफ करा. शाफ्टवरच खड्डे असतील तर शाफ्ट बदला, भरावाचा वेल्ड नको.

कवच आधी गोड्या पाण्यानं धुवा. मीठ राहिलं तर ते हवेतली ओल ओढत राहतं. रोज वजन करा, ते उतरायचं थांबलं की सुकलं. दिव्यानं तापवाल तर पन्नास अंशांच्या आत. हे मेमध्येच उरका, जुलैच्या दमट हवेत वजन हलत नाही.

दोन भागांचा ओतायचा फोम थोडा थोडा, टप्प्याटप्प्यानं भरा. एकदम ओतलात तर फुगून कवच फाडतो. झाकण बसवताना कडा बाराला एक उताराच्या घासा: ४ मिलिमीटर कवचाला ४८ मिलिमीटर. वर काचकापडाचे थर इपॉक्सी राळेत. हार्डनर (राळ घट्ट करणारा दुसरा भाग) स्लो घ्या आणि मिश्रण पसरट ताटलीत ठेवा, खोल डब्यात ते तापून धूर निघतो. लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवू नका, राळ कच्ची राहते. थर घट्ट झाल्यावर वरचा मेणचट पापुद्रा पाण्यानं घासून धुवा, पॉलिश पेपर त्यानंतर.

आणि शाफ्टभोवती ६-८ मिलिमीटर खोल खाच काढून तिच्यात पॉलियुरेथेन सीलंट भरा. इपॉक्सी नको, ती ताणली जात नाही. हे सीलंट दर हंगामाआधी काढून नवं भरायचं. बुश, म्हणजे शाफ्ट ज्यांत फिरतो ती कडी, नायलॉनचे असतील तर पाण्यानं फुगून टिलर जड करतात, अॅसिटल प्लास्टिकचे बसवा.

शेवटचं. रंगानंतर सुकाणूचं वजन करून आकडा शाफ्टच्या डोक्यावर कोरून ठेवा. पुढच्या मेमध्ये शेवाळ आणि शिंपले खरवडून पुन्हा तोला. वजन वाढलं असेल तर खालच्या कोपऱ्यात भोक पाडा. प्रश्न चहाबरोबर घेऊ.